चारही चाकं बाहेर! रेसिंग गेममधली पेनल्टी आणि तुमच्या सिनॉप्सिसमधली व्याख्या



गेल्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज आले आणि जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच होता: "सिनॉप्सिसमध्ये कार्यात्मक व्याख्या लिहा म्हणतात, ती लिहायची कशी?" पुस्तकातलं उत्तर तुम्हाला पाठ असेलच. एखादी संकल्पना प्रत्यक्ष मोजता येईल अशा कृतीच्या रूपात मांडणं, म्हणजे कार्यात्मक व्याख्या. मुलाखतीत हे वाक्य सांगून सुटताही येतं. पण व्याख्या चुकली की पुढे काय घोळ होतो, हे मला पुस्तकातून कळलं नाही. ते कळलं एका रविवारी रात्री, कार रेसिंगच्या गेममध्ये हरल्यावर.

आम्ही एमएस्सीच्या बॅचचे सात-आठ जण दर रविवारी ऑनलाइन शर्यत लावतो. कोणी पुण्यात आहे, कोणी नाशिकला, एक जण जर्मनीत. त्या दिवशी बेल्जियमचा स्पा ट्रॅक होता. शेवटची फेरी, मी तिसरा. शेवटच्या शिकेनमध्ये मागच्या मित्राने ब्रेक उशिरा मारला, माझ्या गाडीला मागून धक्का बसला आणि मी सरळ ट्रॅकच्या बाहेर. कसाबसा परत आलो, दीडेक सेकंद गेला. वर स्क्रीनवर पाटी झळकली: ट्रॅक लिमिटचं उल्लंघन, पाच सेकंद पेनल्टी. तिसऱ्याचा थेट सहावा झालो. जो पहिला आला, तो मात्र एका वेगवान वळणातून बाहेर पडताना जवळपास प्रत्येक फेरीत पांढऱ्या रेषेच्या पलीकडे जात होता. रिप्लेमध्ये ते स्वच्छ दिसत होतं. त्याला एकदाही काही झालं नाही, कारण त्या जागी गेमने आखलेली अदृश्य सीमा रेषेच्या थोडी पलीकडे होती. (गेमचं नाव मुद्दाम सांगत नाही. राग शांत झालाय, पण पूर्ण नाही.)

रात्री बारापर्यंत ग्रुपवर भांडण चाललं. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. जर्मनीवाला म्हणाला, "अरे, गेमने नियम सगळ्यांना सारखाच लावला ना? मग अन्याय कसला?"

वाक्य साधं वाटतं. पण संशोधन शिकताना आपण जे दोन शब्द कायम एकात एक गुंतवतो, ते दोन्ही या वाक्यात दडलेत. विश्वसनीयता आणि सप्रमाणता.

आधी नियम समजून घेऊ, म्हणजे ज्यांनी कधी रेसिंग पाहिलं नाही त्यांनाही पुढचं कळेल. फॉर्म्युला वनसारख्या खऱ्या शर्यतींत ट्रॅकच्या दोन्ही कडांना पांढरी रेषा असते. ती रेषा ट्रॅकचा भाग धरतात. तिच्या बाहेरचा लाल-पांढरा कर्ब मात्र ट्रॅकमध्ये मोजत नाहीत. गाडीचा कुठलाच भाग ट्रॅकला टेकलेला नसेल, तर गाडी बाहेर गेली असं समजतात. म्हणजे तीन चाकं बाहेर आणि एक चाक रेषेवर, तरी तुम्ही आत. चौथं चाक सुटलं की बाहेर. नियमाचा दुसराही एक भाग आहे, तो लोक विसरतात. गाडी बाहेर गेली तर चालकाने सुरक्षितपणे परत यावं आणि बाहेर जाण्यातून कायमचा फायदा घेऊ नये.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बघा. एक आहे फायदा. हीच खरी भानगड, ज्यासाठी नियम केला. ही आपली संकल्पना. दुसरी आहे चार चाकं रेषेबाहेर. ही दिसते आणि मोजता येते. हा आपला निर्देशक. गेम फायदा मोजत नाही, गेम चाकं मोजतो. संगणकाला ते सोपं पडतं. ट्रॅकचा पृष्ठभाग छोट्या छोट्या तुकड्यांनी बनलेला असतो आणि प्रत्येक तुकड्यावर डांबर, कर्ब, गवत, खडी असं लेबल असतं. सेकंदाला शेकडो वेळा प्रत्येक चाकाखालचं लेबल तपासायचं. चारही लेबलं 'बाहेर' आली की घंटा.

चाकं बाहेर गेली की फायदा होतोच का? कधी होतो, आणि भरपूर होतो. इथे थोडं बारावीचं भौतिकशास्त्र काढू. वळणात गाडीचा जास्तीत जास्त वेग टायरच्या पकडीवर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरतो: वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे अभिकेंद्री त्वरण. समजा टायर 1.5 जी, म्हणजे सुमारे 14.7 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण पेलू शकतात. वळणाची त्रिज्या 100 मीटर असेल तर वेग येतो ताशी 138 किलोमीटर. आता बाहेर पडताना रेषा ओलांडून तुम्ही वळण जरा सैल केलंत आणि त्रिज्या 105 मीटर झाली, तर वेग ताशी 141.4 किलोमीटर. फरक साडेतीन किलोमीटरही नाही. पण वळणापुढे 600 मीटरची सरळ वाट असेल आणि गाडी सेकंदाला 2.5 मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेत असेल, तर तेवढ्या फरकावर ती वाट 0.16 सेकंद आधी संपते. वीस फेऱ्यांत 3.2 सेकंद. (वेगवाढ कायम एकसारखी धरली आहे. खऱ्या गाडीत वेग वाढला की ती कमी होते. अंदाजापुरतं ठीक आहे.) जवळच्या शर्यतीत तीन सेकंद म्हणजे दोन-तीन क्रमांक.

आणि कधी फायदा होतच नाही. माझ्यासारखा धक्का खाऊन बाहेर जा, ओल्या गवतावर घसरा, दीड सेकंद घालवा. चाकं तीच, रेषा तीच. फायदा मात्र उणे दीड सेकंद.

आता वहीच्या मागच्या पानावर एक चौकोन काढा आणि त्याचे चार भाग करा. आडव्या बाजूला: चाकं बाहेर, चाकं आत. उभ्या बाजूला: फायदा झाला, फायदा झाला नाही. नियम बरोबर चालला तर सगळ्या घटना दोनच कप्प्यांत पडायला हव्यात, बाहेर आणि फायदा, किंवा आत आणि फायदा नाही. उरलेले दोन कप्पे चुकांचे. चाकं बाहेर पण फायदा नाही, म्हणजे निरपराधाला शिक्षा. मी तिथे होतो. गेमच्या हिशेबाने आत पण फायदा झाला, म्हणजे चोर सुटला. आमचा विजेता तिथे होता. आजाराच्या चाचणीत यालाच खोटा होकार आणि खोटा नकार म्हणतात, ते तुम्ही वाचलेलं असेल.

जर्मनीवाल्याचं म्हणणं आता पुन्हा बघू. नियम सगळ्यांना सारखा लागला, हे खरंच आहे. तीच चाकं त्याच जागी शंभर वेळा न्या, गेम शंभर वेळा तेच उत्तर देईल. कुठल्याही माणसाला हे जमणार नाही. ही विश्वसनीयता. पण घरातला वजनकाटा रोज न चुकता दोन किलो जास्त दाखवत असेल, तर तोही पूर्ण विश्वसनीयच असतो! सातत्याने काहीतरी मोजलं जातंय, एवढंच विश्वसनीयता सांगते. जे मोजायचं होतं तेच मोजलं जातंय का, हा सप्रमाणतेचा प्रश्न. गेमचा पंच पहिल्या परीक्षेत शंभरपैकी शंभर घेतो आणि दुसरीला बसतच नाही. आपण त्याची पहिली मार्कलिस्ट बघून म्हणतो, काय निष्पक्ष पंच आहे!

क्रिकेटमध्ये या दोन्ही तऱ्हेचे नियम आहेत. नो-बॉलला फायद्याचा प्रश्नच नाही. पाय रेषेमागे नव्हता, नो-बॉल. गोलंदाजाला त्यातून काही मिळालं का, हे कोणी विचारत नाही आणि कोणाला अन्यायही वाटत नाही. पायचीतचं तसं नाही. तिथे न घडलेल्या गोष्टीचा अंदाज करायचा असतो: पॅड मधे नसता तर चेंडू यष्टीवर गेला असता का? म्हणून डीआरएसमध्ये 'अंपायर्स कॉल' ठेवला. चेंडूचा अर्ध्यापेक्षा कमी भाग यष्टीला लागताना दिसला तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम. आपल्या मोजमापात अनिश्चितता आहे, हे तिथे नियमानेच कबूल केलंय. मला हे फार आवडतं.

ट्रॅक लिमिटची अडचण अशी, की तिचं पोट पायचीतचं आहे आणि तोंड नो-बॉलचं.

ही अडचण फक्त गेमची नाही, खऱ्या शर्यतीतही आहे. 2021 च्या बहारीन ग्रांप्रीत चौथ्या वळणाबद्दल आधीच सांगितलं होतं की, सराव आणि पात्रता फेरीत तिथे बाहेर गेलात तर फेरीची वेळ रद्द होईल, पण शर्यतीत लॅपच्या वेळेसाठी तिथे लक्ष ठेवलं जाणार नाही. लुईस हॅमिल्टन शर्यतीत तिथे 29 वेळा बाहेर गेला. शर्यतीच्या मध्येच पंचांनी संघांना बजावलं की हे थांबवा. शेवटी मॅक्स व्हर्स्टॅपनने त्याच वळणावर बाहेरून हॅमिल्टनला मागे टाकलं, तेव्हा मात्र त्याला जागा परत द्यावी लागली, कारण बाहेरून ओव्हरटेक करणं हा वेगळा मुद्दा. हॅमिल्टन 0.745 सेकंदाने जिंकला. नियमाच्या कागदावर दोन्ही निर्णयांना आधार होता. पण टीव्हीपुढे बसलेल्या माणसाला एवढंच दिसलं, की एकाने 29 वेळा केलं ते चाललं आणि दुसऱ्याने एकदा केलं ते चाललं नाही.

मग 2022 पासून फॉर्म्युला वनने दुसरं टोक पकडलं. सगळीकडे पांढरी रेषा हीच सीमा, चर्चा बंद. विश्वसनीयता वाढली. त्याची किंमत जुलै 2023 मध्ये ऑस्ट्रियात दिसली. शर्यत 71 फेऱ्यांची, गाड्या 20, म्हणजे सगळे पूर्ण धावले तरी एकूण 1420 फेऱ्या. आणि 'ही गाडी बाहेर गेली असावी' अशा नोंदी झाल्या 1200 हून जास्त! तीन उल्लंघनांपर्यंत इशारा, चौथ्याला पाच सेकंद, असा हिशेब होता. इतक्या नोंदी शर्यत चालू असताना तपासून होईनात. ॲस्टन मार्टिन संघाने निकालावर आक्षेप घेतला, रात्री पुन्हा तपासणी झाली आणि आठ चालकांना नव्या पेनल्ट्या लागल्या. एस्तेबान ओकोनला त्यात 30 सेकंद मिळाले. चौथा आलेला कार्लोस साइंझ सहावा झाला.

त्या रात्री ज्यांना शिक्षा झाली त्यांच्यावर नियमाने अन्याय केला, असं मला वाटत नाही. रेषा सगळ्यांना ठाऊक होती. माझा आक्षेप वेळेला आहे. चौथी चूक झाली हे चालकाला शर्यतीतच कळलं असतं तर त्याने गाडी आत ठेवली असती. शिक्षा वागणं बदलायला असेल, तर ती वागणं बदलता येईल तेव्हाच पोचायला हवी. या एका बाबतीत गेमचा पंच खऱ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. तो त्याच क्षणी सांगतो.

पुढे एफआयएने 2023 च्या अबुधाबी शर्यतीत संगणकीय दृष्टीचं तंत्र आजमावलं. गाडीच्या कडेचे पिक्सेल रेषेच्या किती पलीकडे गेले हे ते बघतं, स्पष्ट 'आत' असलेल्या घटना गाळून टाकतं आणि शंकास्पद तेवढ्या माणसाकडे पाठवतं. ऑस्ट्रियाने 2024 मध्ये याहून साधं काम केलं. शेवटच्या दोन वळणांच्या कर्बमागे खडीची पट्टी टाकली. आता बाहेर गेलात तर खडीच तुम्हाला हळू करते. फायदा मोजायची गरजच उरली नाही, तो मुळातून गेला. मोजमाप सुधारण्यापेक्षा प्रयोगाची रचना बदलणं कधी कधी स्वस्त पडतं, ते असं.

गेमवाल्यांनी मग सरळ फायदाच का मोजू नये? त्यांच्याकडे तर प्रत्येक क्षणाचा वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळा डेटा असतो. हा प्रश्न मी त्या रात्रीच ग्रुपवर टाकला होता, मोठ्या तावातावाने. दोन दिवसांनी माझं मलाच उत्तर सापडलं: फायदा कशाच्या तुलनेत?

फायदा म्हणजे प्रत्यक्ष लागलेला वेळ आणि 'बाहेर गेलो नसतो तर लागला असता' तो वेळ, यांतला फरक. यातला दुसरा वेळ कोणीच पाहिलेला नाही, तो अंदाजानेच भरावा लागतो. कुठून भरणार? माझ्या मागच्या फेरीवरून? मग त्या फेरीत टायर नवे होते की जुने, पुढे गाडी होती की नव्हती, हे सगळं आलं. माझ्या सर्वोत्तम फेरीवरून? मग जो सातत्याने चालवतो त्याची जराशी वाढही पकडली जाईल, आणि ज्याची सर्वोत्तम फेरी एखाद्या दिवशी चुकून जमली होती तो आरामात बाहेर फिरून येईल. सगळ्यात वेगवान चालकाशी तुलना करावी, तर नवशिका चारही चाकं बाहेर काढूनही त्याच्यापेक्षा हळूच असणार, म्हणजे त्याला कधीच शिक्षा नाही. नियंत्रण गट कोणता घ्यायचा हा जो प्रश्न तुम्हाला सिनॉप्सिसच्या सादरीकरणात विचारतात, तो हाच. तुलना बदलली की 'परिणाम' बदलतो.

म्हणून काही गेम मधला मार्ग घेतात. बाहेर गेल्यावर तुम्ही ॲक्सिलरेटर सोडलात का, वेग कमी केलात का, हे बघतात, आणि केलात तर माफ. ठरावीक वेळ परत द्या, नाहीतर पेनल्टी, असाही प्रकार असतो. ऐकायला न्याय्य आहे. पण भर गर्दीत माझ्या मागे तीन गाड्या ताशी दोनशेने येतायत आणि मी पेनल्टी टाळायला पाय उचलतो, तेव्हा काय होतं ते रविवारी आमच्याकडे येऊन बघा! निर्देशकाला बक्षीस लावलं की लोक निर्देशक सांभाळतात, मूळ हेतू गेला उडत. आपल्याकडे शोधनिबंधांची संख्या मोजायला लागल्यावर काय झालं, ते वेगळं सांगायला नको.

कोडमास्टर्सच्या फॉर्म्युला वन गेममधली एक गोष्ट मात्र मला शहाणपणाची वाटते. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने वेळ लावताना, शेवटच्या वळणावर बाहेर गेलात तर चालू फेरीबरोबर पुढची फेरीही बाद होऊ शकते. पहिल्यांदा चीड येते. पण विचार करा, शेवटच्या वळणावर मिळवलेला जादा वेग खर्च कुठे होतो? समोरच्या सरळ वाटेवर, म्हणजे पुढच्या फेरीत. नियम लिहिणाऱ्याने इथे रेषेपाशी न थांबता फायदा कुठपर्यंत वाहतो, ते पाहिलंय.

आयरेसिंगचं उदाहरण आणखी वेगळं आहे. तिथे ट्रॅकबाहेर गेलात की एक 'इन्सिडेंट' गुण लागतो, मग फायदा होवो की तोटा. गाडीवरचा ताबा सुटला तर दोन, जोरात टक्कर झाली तर चार. आणि टकरीत चूक कोणाची हे बघतच नाहीत, दोघांनाही गुण. तुम्ही किती वळणांमागे एक घटना घडवता, यावरून सेफ्टी रेटिंग ठरतं. यावर खेळाडू सतत कुरकुरतात की मला ढकललं आणि गुणही मलाच. पण हे रेटिंग फायदा मोजायला केलेलंच नाही. ते मोजतंय, हा माणसू घटनांपासून किती लांब राहतो. त्या संकल्पनेसाठी 'चाकं बाहेर' हा निर्देशक बराच चांगला आहे. फायद्यासाठी तोच निर्देशक लंगडा आहे. त्यामुळे 'हे साधन सप्रमाण आहे' असं नुसतं म्हणता येत नाही, कशासाठी सप्रमाण ते सांगावं लागतं. तयार प्रश्नावली उचलून प्रबंधात घालणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

चूक न बघता दोघांना गुण देण्यामागे एक सांख्यिकी युक्तिवाद आहे. आज तुला कोणी ठोकलं, उद्या तुझ्या नशिबी शांत शर्यत, शेकडो वळणांच्या सरासरीत नशीब फिटून जातं. त्रुटी यादृच्छिक असेल तर हे अगदी खरं. पण ती यादृच्छिक आहे का? जो नेहमी गर्दीच्या मधोमध सुरुवात करतो, त्याच्या आजूबाजूला पहिल्या वळणावर जास्त गाड्या असतात. पुढून एकटा पळणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. एकाच मॉनिटरवर खेळणाऱ्याला शेजारची गाडी दिसत नाही, तीन मॉनिटरवाल्याला दिसते. शिवाय ऑनलाइन शर्यतीत दुसऱ्याची गाडी तुमच्या पडद्यावर अंदाजाने दाखवलेली असते, त्यामुळे ज्याचं इंटरनेट डुलतं त्याच्या आसपास जास्त गडबड. या त्रुटी एकाच बाजूला झुकतात. अशी त्रुटी सरासरीने फिटत नाही, साचत जाते. हजार वळणं काय, दहा हजार घ्या.

आता माझ्या स्वतःच्या कामाचं सांगतो. हे लिहायला जरा जड जातंय.

मी शेतजमिनीतलं नायट्रेट मोजणाऱ्या सेन्सरवर काम करतो. सेन्सर मधेच बिघडतो आणि आकडा एकदम उडी मारतो. तसे आकडे काढून टाकायला पहिल्या वर्षी मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली होती: लागोपाठच्या दोन नोंदींत ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर ती नोंद बाद. सिनॉप्सिसमध्ये मोठ्या ऐटीत लिहिलं, 'सदोष नोंद म्हणजे अशी नोंद की…' वगैरे. स्वच्छ कार्यात्मक व्याख्या. आलेख सुरेख यायचे. दीड वर्ष मी त्या आलेखांवर बोलत होतो.

त्या रविवारनंतरच्या आठवड्यात, नुसत्या खुन्नसपोटी, मी माझ्याच डेटाचा तो चार कप्प्यांचा चौकोन काढायला बसलो. बाद केलेल्या नोंदी एकेक करून शेताच्या वहीशी ताडून बघितल्या. जवळपास सगळ्या पाणी दिल्यानंतरच्या किंवा मोठ्या पावसानंतरच्या होत्या. पाणी पडल्यावर नायट्रेट खरंच झपाट्याने बदलतं, ते खाली वाहून जातं. म्हणजे जी घटना मोजायला मी सेन्सर जमिनीत पुरला होता, नेमकी तीच माझा प्रोग्रॅम 'ट्रॅकबाहेर' म्हणून फेकत होता. न चुकता. सगळ्या प्लॉटना सारखाच नियम लावून.

सरांना सांगायला दोन दिवस लागले. ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हा आकडा तू कुठून आणला होतास?" मी एका जुन्या पेपरमधून उचलला होता, आणि तो पेपर ग्रीनहाउसमधल्या कुंड्यांवरचा होता. सल्लागार समितीपुढे ते प्रकरण मला पुन्हा मांडावं लागलं आणि माझे सहा महिने त्यात गेले.

तुमच्यापैकी कोणाला हा विषय छोट्या प्रकल्पासाठी घ्यायचा असेल तर घरबसल्या होण्यासारखा आहे. असा गेम निवडा जो टेलिमेट्री, म्हणजे वेग-ब्रेकची नोंद, फाइलमध्ये देतो. एकच वळण घ्या, ज्याच्या पुढे लांब सरळ वाट आहे. चाळीस-पन्नास फेऱ्या मारा, इंधन आणि टायर दरवेळी सारखे ठेवून. काही मुद्दाम आतून, काही मुद्दाम बाहेरून, आणि कोणती फेरी कशी मारायची हे चिठ्ठ्या काढून ठरवा, नाहीतर हात बसत गेल्यामुळे आलेली सुधारणा 'बाहेर'च्या खात्यात जमा होईल. वळणाच्या सुरुवातीपासून पुढच्या ब्रेकपर्यंतचा वेळ मोजा, फक्त वळणातला नको. मग गेमने कुठे घंटा वाजवली ते शेजारी लिहा आणि चार कप्पे भरा. 'फायदा' किती सेकंदांपासून धरायचा, हे डेटा बघण्याआधी वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. शेवटचं सगळ्यात अवघड आहे. मला अजून जमत नाही, हात शिवशिवतो.

आणि पेनल्टी न्याय्य आहे का? एकट्याने वेळ लावायची असेल तर माझं मत सरळ आहे: रेषा म्हणजे रेषा, नो-बॉलसारखी, कारण तिथे ढकलणारं कोणी नसतं आणि रेषा सगळ्यांना आधीपासून माहीत असते. अट एकच, स्क्रीनवर दिसणारी रेषा आणि गेमच्या पोटातली रेषा एकच हवी. चालू शर्यतीत मात्र स्वतःहून बाहेर जाणं आणि ढकलून बाहेर जाणं यांना एकच शिक्षा असेल, तर तो नियम सारखा आहे, पण न्याय्य नाही. ढकलल्याचं ओळखणं गेमला जमत नसेल, तर निदान शेवटचा निर्णय माणसाकडे जायची वाट असावी.

आमच्या रविवारच्या लीगमध्ये आता तशी वाट आहे. ज्याला पेनल्टी चुकीची वाटते त्याने रिप्लेची वेळ ग्रुपवर टाकायची, त्या घटनेत नसलेले दोघे बघतात आणि सोमवारी रात्रीपर्यंत निकाल देतात. पहिल्याच आठवड्यात मी जोरात तक्रार केली. दोघांनी रिप्ले बघितला आणि पेनल्टी कायम ठेवली. धक्का बसायच्या आधीच माझी चारही चाकं बाहेर होती.